तलावाच्या तळातले सोळा सेकंद

दादा आज सकाळी गेला.

डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची वेळ दिली होती. दिलेल्या वेळेच्या आत पोहोचणं त्याला आयुष्यात एकदाच जमलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चाकूरला त्याचं गॅरेज. मी नांदेडला कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून तो मला मास्तरीण म्हणायचा.

हजारो गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या. मला आज एकच आठवते आहे.

तहसील कचेरीच्या लिलावात घेतलेली पांढरी ॲम्बेसेडर. तिच्यात त्याने अपघातात गेलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं. मागची सीट काढली. शेवटी हॉर्नही काढला.

"हॉर्न कशाला काढलास?"

"वजन हाय. आन् समोर कोण असणार हाय?"

त्याला ड्रॅग रेस पळायची होती. सरळ रस्ता, चारशे मीटर, वळण नाही. पुण्याकडे एका धावपट्टीवर तशी शर्यत होती. घरी बांधलेल्या गाड्याही चालणार होत्या. अट एकच, सोळा सेकंदांच्या आत पोहोचल्याचा टाइम कळवायचा.

असा सरळ, रिकामा रस्ता आमच्याकडे नव्हता.

तो दुष्काळाने दिला.

आमचं मूळ गाव आम्ही लहान असतानाच तलावाखाली गेलं. त्या वर्षी तलाव तळापर्यंत आटला आणि गावाचा जुना डांबरी रस्ता वर आला. आम्ही दोघांनी खराट्याने त्याच्यावरचा गाळ झाडला. खाली डांबर शाबूत होतं.

पानटपरीवर तेव्हा दोनच विषय. टँकर कधी येणार आणि नवा जिल्हा कधी होणार. जिल्हा झाला की आरटीओ जवळ येईल, असं लोक आनंदाने सांगायचे.

दादा म्हणायचा, "करा की जिल्हा. पण आधी माझी गाडी पळू द्या रे."

सुट्टीत मी रोज सकाळी स्टॉपवॉच घेऊन रस्त्याच्या टोकाला उभी राहायचे. तो रुमाल हलवायचा, मी बटन दाबायचे.

पहिला टाइम अठरा पॉइंट चार.

प्रत्येक फेरीनंतर तो प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा म्हणजे कमी. रंग चहासारखा हवा. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे.

सतरा पॉइंट एक.

सोळा पॉइंट सहा.

तिथे गाडी अडली. सुटताना मागची चाकं जागेवरच फिरायची. रेसवाले टायरखाली पाणी ओततात, चाकं गरागरा फिरवतात, रबर धुऊन निघतं, तापतं आणि रस्ता धरतं. हे दादाला माहीत होतं.

घरी पाणी बारा दिवसांनी येत होतं.

शोभावहिनीने आधीच बजावलं होतं, "गाळ काढायला जेसीबी आलाय तलावात. तो रस्त्यापाशी येईस्तोवर काय करायचं ते करा. न्हाई पळाली तर भंगारवाल्याला मीच बोलावते."

तिच्याकडे पाणी मागायची हिंमत दादात नव्हती. मोरीजवळ एक ड्रम होता. भांड्यांचं, धुण्याचं, आंघोळीचं पाणी त्यात साठवून संडासाला वापरायचे. तेव्हा घरोघरी तसंच होतं. दादाने त्यातलं दोन बादल्या पाणी नेलं.

"हे तर उष्टंच पाणी हाय. कुणाचा हक्क मारत न्हाई आपण."

चाकं फिरली. फेस आला. आम्हाला तो धूर वाटला.

गाडी सुटली ती तिरकी. मग आडवी. मग रस्ता सोडून गाळात, बोनेटपर्यंत.

मी धावत गेले. दादा स्टेअरिंग धरून बसला होता. चेहऱ्यावर साबणाचा फेस.

"मास्तरीण, टाइम घेतलास का?"

गाडी जेसीबीवाल्याने ओढून काढली. तो इस्लापूरचा. हसून हसून त्याला साखळी बांधता येईना.

"मिस्त्री, टायर धुतले का भांडी?" मग गंभीर झाला. "उद्या दुपारी मी हा रस्ता उचलून राहिलो. साहेबांचा हुकूम हाय."

म्हणजे एक सकाळ उरली.

टायरवर साबण आणि तेलाचा थर बसला होता. कापडाने निघेना. घरी आल्यावर वहिनीने बोट फिरवून पाहिलं.

"माझ्या ड्रमातलं पाणी नेलं ना तुम्ही?"

दादा बोनेटखालचा गाळ पुसायला लागला.

सकाळी ती आमच्याबरोबर तलावात आली. पदर खोचला, काथ्या घेतला, तळातली कोरडी माती घेतली आणि टायर घासायला बसली. तव्याची काजळी काढावी तशी. दोन्ही टायर. थेंबभर पाणी न वापरता.

"आता पळवा. न्हाई पळाली तर टायरचा दोष सांगू नका."

त्या दिवशी चाकांनी रस्ता धरला. गाडी सरळ आली, अगदी रेघ मारल्यासारखी.

मी घड्याळाकडे पाहिलं. सोळा पॉइंट एक.

टायर घासण्यात दुपार होत आली होती, जेसीबी रस्त्याच्या कडेला येऊन थांबला होता. दुसऱ्या फेरीला वेळ नव्हता.

"किती?"

"पंधरा नऊ लिहू का दादा? माझं बोट तेवढं मागेपुढे होऊच शकतं."

त्याने माझ्या हातातून घड्याळ घेतलं. पाहिलं.

"न्हाई. खरं लिही. सरकारी गाडी हाय, तेवढा उशीर चालतो."

खरा टाइम पाठवला. नकार आला. पुण्याला तो कधी गेला नाही.

त्याच दुपारी जेसीबीने रस्ता उचलला.

संध्याकाळी भंगारवाला दारात आला. वहिनीनेच आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "गाडी विकायची न्हाई. मी टायर घासलेत तिचे."

दादा आत जेवत होता. त्याने मान वर केली नाही. पण आणखी एक भाकरी मागून घेतली.

उद्या सकाळी चाकूरच्या घरून दादाला घेऊन निघणार आहोत. ज्यांच्या गाड्या त्याने दुरुस्त केल्या त्यांनी यावं.

दादा, जयभीम.