विजयमालाबाईंची कायमची शेजारीण

विजयमाला रणभिसे यांना मरणाची भीती नव्हती. त्यांना काळजी होती ती उठल्यानंतरची.

मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या विजयमालाबाई सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीत दोन गोष्टींसाठी ओळखल्या जात. एक म्हणजे खालच्या पट्टीतला भरदार आवाज, आणि दुसरी म्हणजे प्रभू येईल तेव्हा मेलेले उठतील यावरचा पक्का विश्वास. मोडनिंबच्या एसटीबद्दल बोलावं तसं त्या याबद्दल बोलत. उशीर होईल, पण येणार म्हणजे येणार.

निवृत्तीनंतरचं त्यांचं कामही त्याच वाटेवरचं होतं. सात रस्ता चौकाच्या मागे एका गल्लीत शरणप्पांचं सुतारकामाचं दुकान आहे. चौकटी, देव्हारे, पाळणे करता करता ते ख्रिस्ती लोकांसाठी शवपेट्याही करतात. पेटीला आतून पांढरं साटीन लावायला बाई तिथं जात. शरणप्पा लिंगायत, कपाळाला रोज विभूती, आणि डोक्यात कायम एखादी शंका.

"बाई, ही माणसं परत उठणार हायत म्हणता न्हवं?" एकदा त्यांनी विचारलं.

"उठणारच."

"मग मला खिळे कशाला मारायला लावता? बिजागऱ्या बसवतो की. आतनं एक कडी देतो."

"प्रभूला खिळ्यांची अडचण नाही, शरणप्पा."

"त्याला न्हाय हो, उठणाऱ्याला." मग थोडा विचार करून ते म्हणाले, "त्या मानानं आमचं बरं हाय. आमच्यात माणसाला बसवूनच पुरतात. उठायची पाळी आली तर तुमी अंगावरची माती झटकेपर्यंत आमी चालाय लागतोय."

"शर्यत नाहीये ती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.

पुढं दफनभूमीत जागा कमी पडू लागली आणि मंडळीनं ठरवलं की ज्याच्या त्याच्या कुटुंबाच्या रांगेत मोकळी जागा असेल तीच वापरायची. रणभिशांच्या रांगेत एका टोकाला बाईंचे यजमान शांतवनराव, दुसऱ्या टोकाला त्यांचे धाकटे भाऊ, आणि मध्ये दोन जागा. म्हणजे त्या दोघांच्या बायकांच्या. एक विजयमालाबाईंची आणि शेजारची त्यांच्या धाकट्या जावेची, एस्तेरची.

दोघी जावांमध्ये बरीच वर्षं बोलणं नव्हतं. कारण शांतवनरावांच्या अंत्यविधीचं. शेवटचं गीत बाई स्वतः म्हणणार होत्या. पण त्या उभ्या राहून डोळे पुसतायत तोवर एस्तेरनं ते उचललं, तेही इतक्या वरच्या पट्टीत, की दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळी मंडळी गप्प झाली आणि ती एकटीच शेवटपर्यंत गेली. "माझ्या नवऱ्याला तिनं शिट्टी वाजवून पोचवलं," असं बाई म्हणत.

बाई तडक चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळक नवे होते, तरुण होते.

"मला ती जागा नको," बाई म्हणाल्या. "पुनरुत्थानाच्या दिवशी डोळे उघडल्याबरोबर मला एस्तेरचं तोंड बघायचं नाही."

"मावशी, उठल्यावर जो गौरवी देह मिळतो, त्यात राग, लोभ काही उरत नाही."

"नाही उरणार. पण लगेच? डोळे चोळेपर्यंत तरी राहतच असेल ना थोडा?"

प्रार्थना करू, असं म्हणून पाळकांनी वेळ मारून नेली.

बाईंनी हे सगळं शरणप्पांना सांगितलं. रंधा थांबवून त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बरं, आणि उठल्यावर मग किती दिवस ऱ्हायचं असतंय?"

"किती दिवस म्हणजे? सार्वकालिक जीवन आहे ते. अंत नाही त्याला."

"आणि जाऊबाई बी तितंच?"

"ती विश्वासणारी आहे," बाई नाइलाजानं म्हणाल्या. "येणार ती."

"म्हंजे कायमचंच की," शरणप्पा म्हणाले. "मग बाई, तुमी कबरीचं काय घेऊन बसलाव? ते थोड्या दिवसांचं हाय. फुडचं बगा."

बाईंच्या हातातली सुई थांबली. इतक्या वर्षांत हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता. स्वर्गात शांतवनराव असतील, आई असेल, हे त्यांनी हजारदा मनात पाहिलं होतं. पण त्या चित्रात एस्तेर कुठं उभी असेल, हे पाहायचं राहून गेलं होतं. त्या रविवारी उपासनेत सगळ्यांबरोबर विश्वासांगीकार म्हणताना 'सार्वकालिक जीवन' या शब्दांपाशी त्यांचा आवाज असा काही अडकला, की पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून पाहिलं.

आठवडाभर त्यांनी चरफडत काढला. मग एके दुपारी शेंगाचटणीचा डबा पिशवीत घालून त्या एस्तेरच्या दारात उभ्या राहिल्या. दार तिच्या सुनेनं, सोनमनं उघडलं आणि सासूला आधी कळवावं की पाहुणीला आधी आत घ्यावं, हे न सुचून ती तशीच उभी राहिली.

एस्तेर पलंगावर होती. तिचं हृदय अशक्त झालं होतं, हे बाईंना ऐकून माहीत होतं. पण ती इतकी वाळली असेल असं वाटलं नव्हतं.

"सलाम, अक्का," एस्तेर म्हणाली. "जागेसाठी आलात ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मीपण जाऊन आले पाळकांकडे, तुमच्या आधी. म्हटलं, मला दुसरीकडं टाका. उठल्या उठल्या त्यांची बोलणी कोण खाईल?"

बाईंना हसू आवरलं नाही. एस्तेरला हसताना धाप लागली, म्हणून सोनम पाणी घेऊन धावत आली.

"ते गीत मी मुद्दाम नव्हतं उचललं," एस्तेर म्हणाली. "तुम्ही रडत होता. मला बघवेना. आणि सूर सापडेना."

"सापडला की. पार छपराला लागला होता."

मग बाई रोज दुपारी तिच्याकडे जाऊ लागल्या. समेट झाला तसं भांडणही नव्यानं सुरू झालं. स्वर्गात गेल्यावर वय कोणतं असेल, यावर दोन दिवस वाद झाला. एस्तेरला लग्नातलं वय हवं होतं. बाईंचं म्हणणं, तेव्हा तुला भाकरी थापता येत नव्हती, तिथं काय करणार? गीत कोणत्या पट्टीत म्हणायचं, हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही.

हिवाळ्यात एस्तेर गेली, झोपेतच. शरणप्पांनी पेटी केली आणि बाई साटीन लावायला बसल्या. एस्तेरचा डावा खांदा नेहमी दुखायचा. त्या बाजूला बाईंनी कापसाचा जाड थर दिला. शरणप्पा बघत होते. शेवटचा टाका घालून बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"बाई, तुमीच म्हणता न्हवं, उठणार हाय म्हणून?"

"उठणारच आहे," बाई म्हणाल्या. "पण तोपर्यंत मी भांडू कुणाशी?"

शरणप्पा बाहेर जाऊन दोन चहा सांगून आले.

ईस्टरला मंडळी पहाटे दफनभूमीत जमते. कबरी झाडून, फुलं वाहून सगळे उजाडेपर्यंत गीतं म्हणतात. त्या वर्षी शरणप्पाही आले. आंघोळ करून, विभूती लावून, इस्त्रीचा सदरा घालून ते पार मागं, कडुनिंबाखाली उभे राहिले. सूर्य वर आला, पाळकांनी आशीर्वाद दिला आणि लोक एकमेकांना 'प्रभू उठला आहे' म्हणू लागले. बाई हातातली फुलांची रिकामी परडी घेऊन त्यांच्याकडे आल्या.

"कुनी उठलं का?" शरणप्पांनी अगदी मनापासून विचारलं.

"एकजण उठलाय. बाकीच्यांना अजून वेळ आहे."

शरणप्पांनी रणभिशांच्या रांगेकडे एकदा नजर टाकली आणि मान हलवली.

"मग फुडल्या वर्षी बी येतो," ते म्हणाले.

बाईंनी पिशवीतून केकचा एक तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. ते अंडं आहे का विचारू लागले, तशा त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी वेगळा केलाय. खा."