वन्संची उपग्रहचित्रं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, पृथ्वीवर राहतात असं कुणी सांगितलं तर मी मुळीच मानणार नाही. विजेचं बिल मुलुंडच्या पत्त्यावर येत असेल, पण बाईंचा मुक्काम कायम वर, उपग्रहात. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाल्या, आणि तेव्हापासून उपग्रहाने टिपलेली चित्रं उतरवून घ्यायची, नीटनेटकी करायची आणि मागेल त्या शाळेला, संशोधन करणाऱ्या पोरापोरींना फुकट वाटायची, हा उद्योग. न मागणाऱ्यांनाही सोडत नाहीत. माणूस भेटला की नाव नंतर, आधी "तालुका कुठला?" एकदा मालाडला रिक्षावाल्याला मोबाईलवर त्याच्या गावची नदी दाखवत बसल्या, रिक्षा बंद, मीटर चालू, आणि दोघंही खुशीत. चित्र फुकट, पण अट एकच: "मी वरून दाखवते, तुम्ही खालून जाऊन सांगा तिथं काय आहे." मग कुठल्या तरी गावातली मुलं बांधाबांधाने चालत जातात आणि कळवतात, की मॅडम, तुम्ही ज्याला तळं म्हणता ते पोल्ट्रीचं निळं छप्पर आहे. आपली चूक निघाली की वन्सं त्या दिवशी शिरा करतात.

एका संक्रांतीला माझ्या बोरिवलीच्या घरी हळदीकुंकू होतं. "वाण मी आणते," म्हणाल्या. मला वाटलं, स्टीलच्या वाट्या आणतील. कसल्या वाट्या नि कसलं काय! प्रत्येकीच्या हातात आमच्याच उपनगराचं लॅमिनेट केलेलं उपग्रहचित्र, आणि त्यात नॅशनल पार्क लालभडक. समोरच्या काकू किंचाळल्याच, "अगंबाई, जंगल पेटलं की काय!"

"पेटतंय कशाला? झाडांकडून येणारा जो उजेड आपल्याला दिसत नाही, तो यात लाल दाखवतात. जितकं लाल तितकं हिरवं!"

"मग सरळ हिरवंच दाखवा ना!" काकू म्हणाल्या. झालं! वन्संनी तिळगुळाचा डबा बाजूला ठेवला आणि लेक्चर सुरू केलं.

गेल्या वर्षी मात्र पार वाट लागली. त्यांच्या कॉम्प्युटरची डिस्क बसली. मूळ चित्रं काय, पुन्हा उतरवता येतात. पण गावोगावच्या मुलांनी जे जे कळवलं ते वन्संनी एकेका चित्रावर लिहून ठेवलं होतं, ते सगळं गेलं. दुसरी प्रत? तिच्यासाठी दर वेळी नवी डिस्क आणायच्या, आणि दारात कुणी मास्तर आला की त्याच्या तालुक्याची चित्रं, लिहिलेल्यासकट, भरून तीच त्याला देऊन टाकायच्या. कपाळ माझं! "अहो वन्सं, स्वतःसाठी काही ठेवायचं ना!" मी ओरडले. एरवी मला एक शब्द बोलू न देणारी बाई पलंगावर नुसती बसून होती. "सगळं गेलं गं," एवढंच म्हणाल्या.

मग मीच त्यांचा फोन घेतला आणि त्यातल्या झाडून सगळ्या शिक्षकांना मेसेज टाकला, की मॅडमची चित्रं गेली, तुमच्याकडे असतील तर पाठवा. चहा उकळेपर्यंत फोन वाजायला लागला. सांताक्रूझची शाळा, रोहा, दापोली. मालवणकडच्या एका बाईंनी तर फोनच केला, "मॅडम, घाबरा नकात! आख्खो तालुको आसा माझ्याकडे!" शिवाय मधल्या वर्षांत मुलांनी आपापल्या चित्रांवर आणखी काय काय लिहून ठेवलं होतं. "बघ, बघ, इथे पूल झालाय! आणि मला पत्ताच नाही!" वन्सं नाचायच्या तेवढ्या बाकी होत्या.

सगळ्यात शेवटी एका मास्तरांच्या बायकोचा मेसेज आला. मास्तर वारले होते. त्यांच्या कॉम्प्युटरमधलं काही आपल्याला कळत नाही, म्हणून बिचारीने भिंतीवर टांगलेल्या चित्राचाच मोबाईलवर फोटो काढला होता. काचेवर ट्यूबलाइट चमकत होती, अर्धी खाडी तिच्यात गेलेली, आणि मधोमध काचेत उमटलेला, फोन धरलेला त्या बाईंचा हात.

"कामाचं नाही गं हे," वन्सं म्हणाल्या. मी डिलीट करायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. आणि नव्या डिस्कवर सगळ्यात आधी तोच फोटो ठेवला.