हंडा मी दिला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती — ती तिथेच होती. मुलीला सांगायला हवं होतं, कारण गोष्ट तिच्याच जन्माची आहे. वर्षानुवर्षं टाळलं. आता ऐंशी उलटली — आता गप्प बसून कुणाची अब्रू राखायची?

आमची वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला. लावणीचे दिवस, सगळं घर खाली खाचरात. दुपारीच माझ्या बायकोला, सरूला, कळा सुरू झाल्या. मी महारवाड्यातून भागीला बोलावून आणलं. विधवा, माझ्या आईच्या वयाची — आणि मी तिला 'भागी' म्हणायचो. वाडीतली निम्मी पोरं तिच्या हातात जन्मली होती. रीत अशी, की तिने बाळंतिणीला शिवायचं, पाण्याला नाही. घरातल्या बाईने पाणी वरून ओतायचं, तिने ओंजळ धरायची. त्या दिवशी घरात बाई होती कुठे? मीच तांब्या घेऊन दाराशी उभा.

"जोर कर गो बाय, जोर कर," भागी म्हणत होती. मूल आलं ते निळं, निपचित.

"बाबा, तो तांब्या ऱ्हाऊ दे! हंडा आन आत, अख्खा हंडा!"

स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून मी तिच्यापुढे ठेवला. मी — माझ्या हातांनी. तिने ओंजळीने पाण्याचे हबके मारले, पाठ चोळली, पुन्हा हबके — आणि मूल रडलं. मुलगी होती.

आई शेतातून आली. भागीचे हात हंड्यात होते.

"ह्यो इथं कुनी आनला रं?"

किती वेळ लागतो खरं बोलायला? मी म्हणालो, "तिनंच घेतला."

महाडच्या तळ्यावर जे झालं त्याने आमची माणसं आधीच बिथरलेली. तिसऱ्या दिवशी देवळापुढे गावकी बसली. भागीला लांब, पायऱ्यांखाली उभं केलं होतं.

"हंडा मी घेतला नाय. मला दिला. कोनी, ते त्यालाच इचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी अंगठ्याने माती उकरत राहिलो.

"दादला नाय, मग त्वांड चालनारच," कुणीतरी म्हणालं. "आनी हंडा बाटवला कुनापायी — पोरगीपायी!"

सगळे हसले. मीही हसलो.

तिच्या महारवाड्यातले पुरुष मागे उभे होते. त्यांतले दोघे महाडला जाऊन आलेले; पण एका विधवेसाठी पुढे कुणी झालं नाही. "वैनी, माफी माग नि मोकळी हो," दीर म्हणाला. तिने मागितली नाही. त्यांना दोष कोणत्या तोंडाने देऊ? त्यांचं पोट आमच्या खळ्यावर होतं.

आणि सरू? खाटेवरून म्हणाली होती, "तुमी सांगा, नायतर मी सांगते." सांगणार कुठे? बाळंतिणीला उंबरा ओलांडायचा नाही, आणि गावकीत बाईला जागाच नाही. हे मला ठाऊक होतं — त्याच भरवशावर मी गप्प राहिलो.

भागीचा सुगीचा वाटा बंद झाला, बोलावणं बंद झालं. हंडा मात्र चिंचेने घासून, विस्तवावर धरून दुसऱ्याच दिवशी चुलीशेजारी परत आला होता.

काळच तसा होता, असं मला म्हणू नका! त्याच काळात ती तिथे उभी राहून खरं बोलली होती — बाई, विधवा, महाराची, पोटाला महाग. माझं खरं बोलून काय जाणार होतं? एखादं प्रायश्चित्त, चार दिवसांची कुजबुज. जमीन गेली नसती, घर गेलं नसतं, गावकीतली जागाही गेली नसती.

मुलगी चालायला लागली तेव्हा मी भागीच्या झोपडीशी गेलो. कशाला आलोय ते तिने ओळखलं असावं. आतून पाण्याचा लोटा आणून माझ्यापुढे ठेवला.

"आदी पानी पी. मंग बोल."

मी लोट्याकडे पाहिलं. मग मागे, वाटेकडे पाहिलं. वाटेवर कुणीसुद्धा नव्हतं.

तिने बराच वेळ वाट पाहिली. शेवटी तिनेच विचारलं, "पोर बरी हाय ना?"

"हाय," म्हणालो, आणि उठलो. लोटा भरलेलाच होता.

'भागीमावशी, माझं चुकलं, हंडा मी दिला होता' — एवढं वाटभर घोकत गेलो होतो. तेच घोकत परत आलो.