वाकडा गिअर

आमच्या हिच्या डोक्यात एकदा का काही शिरलं, की ब्रह्मदेव आला तरी ते निघत नाही. त्यामुळे एका रविवारी ती जीप ट्रॅक्टरला बांधून आमच्या संगमनेरच्या घरासमोर येऊन थांबली, तेव्हा मी नुसता कपाळावर हात मारून घेतला. जीप म्हणायचं आपलं. पुढचा एक दिवा गायब, वर फाटकी ताडपत्री, तळाच्या पत्र्यातून खालची जमीन दिसतेय आणि मागच्या बाकाखाली कुठल्याशा कोंबडीनं संसार मांडलेला.

"हे भंगार इथं कशाला आणलंस?" मी विचारलं.

"भंगार कोणाला म्हणता? दादांची गाडी आहे ती," असं म्हणून बाईसाहेब ट्रॅक्टरवाल्याला चहा टाकायला आत निघून गेल्या.

दादा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. सगळा जन्म त्यांनी ही जीप शेजारच्या अकोल्याहून राजूर आणि तिथून पुढं डोंगरातल्या वाड्यांपर्यंत चालवली. बाजाराला निघालेली माणसं, बाळंतिणी, भाताची पोती, शेळ्या, नवरदेव, सगळं त्या गाडीतून गेलं. पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि जीप आंब्याखाली उभी राहिली ती राहिलीच. सासूबाई गेल्यावर ही वडिलांना आमच्याकडे घेऊन आली, आणि तिथून खरी काळजी सुरू झाली.

मामा बोलेनात. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. व्हरांड्यातल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोळे ठणठणीत, गुडघे ठणठणीत, रक्तदाब माझ्यापेक्षा बरा. "त्यांचं मन लागत नाही," असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. मन लागायची गोळी काही त्यांनी लिहून दिली नाही. मग एका संध्याकाळी मामा हिला म्हणाले, "माजं आता काय काम ऱ्हायलंय गं इथं?" इथं म्हणजे आमच्या घरात नव्हे, हे तिला कळलं आणि मलाही कळलं. आपल्याला भीती वाटली बुवा. त्याच आठवड्यात जीप आली.

"दादा परत गाडी चालवतील," ती म्हणाली. "बास. मला दुसरं काही नको."

आता ही कोण, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या पोरांना भागाकार शिकवणारी बाई. आणि मी कापडदुकानदार. स्क्रू कुठल्या बाजूला पिळतात ते मला आजही विचार करून सांगावं लागतं. इंजिन तेवढं तिनं नाशिक-पुणे रोडवरच्या एका गॅरेजवाल्याकडे उघडायला दिलं, बाकी सगळं आमच्या अंगणात. शाळेतून आली की जुना पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट, आणि मोबाईल विटेवर टेकवून व्हिडिओ बघत बाई गाडीखाली. मला नुसते पाय दिसायचे. त्या पायांशीच मी बोलायचो.

"अगं, जेवायचं काय?"

"डब्यात पोळ्या आहेत. ते मरू द्या, हा पाना धरा. असा नव्हे हो, असा!"

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी उपसून तिनं नव्या घातल्या. कुठली कुठं जाते ते लक्षात राहावं म्हणून माझ्या दुकानातले रंगीत दोरे पळवून प्रत्येकीला बांधले. गंजलेला पत्रा घासून घासून तिच्या बोटांना चिरा पडल्या. रंगाचा पहिला हात दिला आणि ओला असतानाच समोरून उसाच्या ट्रॉल्यांची रांग गेली. सगळी धूळ रंगावर! तिनं अशा दोन शिव्या हासडल्या की चौथीच्या वर्गानं कान बंद करावेत. दुसऱ्या दिवशी सगळा रंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी असतो तर गाडी पेटवून दिली असती. तोंडावर मी तिला वेडी म्हणायचो आणि दुकानात गिऱ्हाइकांना कापड दाखवताना मोबाईलमधले जीपचे फोटोही दाखवायचो. कौतुक घरात करायची आपल्याकडे पद्धत नाही.

जे वाकडं होतं ते तिनं सरळ केलं. चेपलेला मडगार्ड ठोकून घेतला. गिअरचा दांडा पुढं डॅशबोर्डकडे पार वाकलेला होता, तो वेल्डरकडून तापवून ताठ करून आणला. पुढच्या सीटला भलत्याच जागी खड्डा पडला होता, तिथं नवा फोम भरला. रेक्झिन मात्र मी निवडलं. पासिंगची कटकटही तिनंच निस्तरली.

एवढं सगळं चाललं होतं आणि मामा भिंतीकडेच बघत होते. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्यांची मान जराशी वळली. तेवढ्यावर ती दिवसभर गुणगुणत होती.

दसऱ्याला गाडीची पूजा केली. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, सगळं रीतसर. हिरवीगार जीप उन्हात अशी काही झळकत होती की गल्लीतल्या नव्या गाड्यांकडे कोणी बघेना. हिनं मामांना हाताला धरून आणलं आणि किल्ली हातावर ठेवली. ते चढले, स्टिअरिंगच्या बरोबर मागं बसले. गाडी सुरू झाली. त्यांनी क्लच दाबला, डावा हात पुढं टाकला, आणि हात हवेतच फिरला. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग त्यांनी गाडी बंद केली आणि हात मांडीवर ठेवले.

"ही माजी गाडी न्हाई, बाई."

उतरले आणि खुर्चीवर जाऊन बसले. भिंतीकडे तोंड करून.

ती पडलेल्या चेहऱ्यानं तिथंच उभी राहिली. काहीतरी बोलावं म्हणून जवळ गेलो, तर ती त्या ताठ दांड्याकडे टक लावून बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "मी सरळ केला हो तो!"

डोंगरातल्या जीपमध्ये कोण कुठं बसतं हे ज्यानं पाहिलंय त्याला लगेच कळेल. पुढच्या सीटवर ड्रायव्हर आपल्या जागी नसतोच. त्याच्या उजव्या हाताला, दाराशी, एक माणूस बसतो. ड्रायव्हर सरकतो मध्ये, आणि डावीकडे आणखी माणसं. गिअरचा दांडा कोणाच्या तरी गुडघ्यांत येतो, म्हणून मामांनीच तो पुढं वाकवून घेतला होता. सीटचा खड्डा म्हणजे त्यांची बसायची जागा. आणि उजवीकडे दाराशी बसायचं कोण? राजूरच्या शाळेला जाणारी, काडीसारखी बारीक अशी हीच! ती जागा दुसऱ्या कोणाला मिळायची नाही. तिनंच मला हे किती वेळा सांगितलं होतं, आणि गाडी नवी करायच्या नादात तीच विसरली.

ती घरामागं गेली आणि नळाचा जुना लोखंडी पाइप घेऊन आली. पाइप दांड्यावर चढवला.

"धरा."

"अगं, रंग उडेल."

"उडू द्या. ओढा!"

आम्ही दोघांनी जीव खाऊन ओढलं. दांडा कुरकुरला आणि वाकला. मग तिनं हात पुसले, व्हरांड्यात गेली आणि खुर्चीमागं उभी राहून म्हणाली, "दादा, शाळेला उशीर होतोय."

मामांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग उठले. गाडीत चढले, डावीकडे सरकले आणि उजव्या बाजूची जागा हातानं थोपटली. केस पांढरे झालेली, अंगानं सुटलेली माझी बायको तिथं बसली; अर्धी आत, अर्धी दाराबाहेर.

"मावती का?"

"मावते, दादा."

डावा हात पुढं गेला आणि दांड्यावर बरोबर पडला. गाडी हलली. मी धावत जाऊन मागून चढलो, नाहीतर बापलेक मला सोडूनच निघाले असते.

स्टँडपाशी एक म्हातारी पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभी होती. मामांनी करकचून ब्रेक मारला, हिच्या अंगावरून वाकून मान बाहेर काढली आणि इतक्या महिन्यांत ऐकला नव्हता असा खणखणीत आवाज फुटला, "अकोले, अकोले, राजूर! चला मावशी!"

"मामा, अहो पोलीस बघतील," मी मागून ओरडलो. ऐकतंय कोण! ही हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही तिला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हातांनी तिनं गाडी धरली होती.

म्हातारी पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "कवा निघायची रं गाडी?"

"भरली की निघू," मामा म्हणाले, आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. "पाव्हनं, सरका की जरा. अजून लई मानसं यायचीत."

मी सरकलो.