नुसतं हूं

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी इंग्लंडमध्ये एका कारखान्यात प्रशिक्षण घेत होतो. एका शनिवारी बरोबरचे गोरे इंजिनिअर मला इंग्लंड-स्कॉटलंडची फुटबॉल मॅच बघायला घेऊन गेले. बॉल गोलच्या खांबावर आपटला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरेरे, हुकला की!"

शेजारी उभा असलेला माणूस वळला. मे महिन्यातही त्यानं मफलर कानांवरून घट्ट बांधला होता. नखांत भट्टीची काजळी होती.

"नगरकडचं का तुमी?" तो हरखून म्हणाला. "मी कर्जतचा."

मी नगरचाच. पण बरोबरचे बघत होते. त्यांनी मला त्याच्यासारखाच भट्टीवरचा मजूर समजू नये, म्हणून मी इंग्रजीत म्हटलं, "माफ करा, मला समजलं नाही."

तो मैदानाकडे तोंड करून हळू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बोलू नका. नुसतं हूं म्हना. दोन वर्सं झाली, माझ्या बोलन्याला कुनी हूं म्हनलं न्हाई."

आणि तो सांगत राहिला. विहिरीला लागलेलं पाणी, विकलेला बैल, धाकट्या बहिणीचं लग्न. प्रत्येक वाक्यानंतर तो थोडा थांबायचा. मी शब्द न् शब्द ऐकला आणि गप्प राहिलो. गोल झाला तेव्हा सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. आम्ही दोघं खिशात हात घालून उभे होतो.

त्याचं नावही मी विचारलं नाही. आज कर्जतच्या एस.टी.त शेजारी कुणी बोलू लागलं, की त्याचं वाक्य संपायच्या आधीच मी हूं म्हणतो.