शैलाताईंच्या भिंगाखालची कॅप

आमच्या दातांच्या डॉक्टर शैलाताईंना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून सगळे लिहितायत. मीही लिहितो. मी दातांवर बसवायच्या कॅप बनवतो. ताईंची नि माझी ओळखच मुळी माझी कॅप परत आली म्हणून झाली.

ताई भिंगांचा चष्मा लावून काम करतात. मी पाठीमागे त्यांना ‘दुर्बीणबाई’ म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

कॅप होती धडगावकडच्या रमलीबाईंची. ताईंनी रूट कॅनल करून त्यांची दाढ वाचवली होती. माझ्या कॅपची कड एका बाजूला दाताला टेकत नव्हती. ताईंनी निरोप धाडला, नवी कर. मी काय केलं? तीच कॅप घासून चकचकीत केली, नव्या डबीत घातली नि दुसऱ्या दिवशी सकाळीच घेऊन गेलो. “घ्या ताई, एकदम ताजी!”

ताईंनी भिंगं डोळ्यांवर ओढली, कॅप फिरवली नि कालचीच आहे हे ओळखून अहिराणीत म्हणाल्या,

“का रे भाऊ, हाई ते कालनीच शे! मशिनना ओरखडा तठेच शे. मन्हासंगे गंमत करी ऱ्हायना का?”

“ताई, इतलं बारीक कोनले दिसी?”

“जंतूले दिसी.”

चष्मा त्यांनी माझ्याच डोळ्यांवर चढवला नि कॅप दाढेच्या साच्यावर बसवून दाखवली. बाप रे! मला जिथं केसाएवढीही फट दिसली नव्हती, तिथं शेतातल्यासारखी अख्खी चारी खणलेली.

रमलीबाई समोर बाकावर गाठोडं घेऊन बसल्या होत्या. उद्याच त्या मजुरीला गुजरातेत निघणार, होळीलाच परतणार. तिकडे फटीतून दाढ किडली तर कोण बघणार? काढूनच टाकतील. त्या मला एवढंच म्हणाल्या, “भाऊ, चांगली बनव. एकच दाढ आहे या बाजूला.”

माझी मान खाली.

ताई रागावल्या नाहीत. नवी कॅप करायला आपला चष्माच माझ्या हाती दिला नि स्वतःची बारीक कामं दिवसभर पुढं ढकलली. संध्याकाळी मी नवी कॅप नेली. ताईंनी भिंगातून कड सगळीकडून बघितली, मगच बसवली.

होळीला रमलीबाई मुद्दाम आल्या. ताईंनी मलाही बोलावून घेतलं, “तुन्हं काम शे, तू बी देख.” भिंगातून कड घट्ट दिसली. मला नाचावंसं वाटलं. रमलीबाईंनी पदरातून भाजलेले हरभरे काढले नि त्याच दाढेनं कडाकड फोडायला लागल्या.

“अवं माय, हळू!” ताई ओरडल्या.

रमलीबाईंनी मूठभर ताईंच्याच हातावर ठेवले.

ताईंची नजर, मान नि कंबर अशाच ठणठणीत राहोत. लोकांच्या दाढा वाचवत त्यांनी हसत शंभरी ओलांडावी.