फुकटचा कोर्स, तयार उत्तरं

माझ्याकडे बावीस ऑनलाइन सर्टिफिकिटं आहेत. त्यातलं एक मधमाशीपालनाचं. मोबाइलवर धडा सुरू करून मी अंघोळीला जायचो. बाहेर येईपर्यंत माझं ज्ञान वाढलेलं असायचं. एका डिजिटल ग्रंथालयातून चारशेच्या वर पुस्तकंही उतरवून घेतलेली. वाचून झाली तीन मुखपृष्ठं.

अशा विद्वानाला वेल्डिंग लाइनवर मान असतो. चाकणच्या आमच्या कंपनीत रोबोट येणार ठरलं, तेव्हा आम्हा कंत्राटी लोकांना सांगण्यात आलं: हा फुकटचा ऑनलाइन कोर्स करा, मग रोबोटवर परीक्षा. पास होईल तो राहील, बाकीच्यांनी घर गाठायचं.

माझा जोडीदार लातूरकडचा, मोशीत खोली घेऊन राहणारा. म्हणाला, "भावा, बसमध्ये रोज एक धडा बघू की. निघोज्यात कंपनी येईपर्यंत अर्धा तास मिळतोय."

"अरे राव, कंपनीत आलायस का बालवाडीत? उत्तरं पाठवतो, टिक मार आणि झोप."

"पण समजायला नको का?"

"समजलं का नाही, ते सर्टिफिकिटावर लिहीत नाहीत."

सगळी बस हसली. तोही हसला आणि त्यानं मोबाइल खिशात ठेवला.

परीक्षा दोन तुकड्यांत. तो पहिलीत, मी दुसरीत. आम्ही बघायला उभे. साहेबांनी रोबोट मध्येच बंद पाडला. "आता ह्याला मूळ जागी आण." जोडीदार कंट्रोल हातात धरून उभाच. मग हळूच म्हणाला, "सर, ह्याला चार पर्याय नसतात का?"

पुन्हा सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

संध्याकाळी त्याचं ओळखपत्र गेटवर काढून घेतलं, तेव्हा माझी टरकली. माझी पाळी आठवड्यावर होती. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चालू ठेवून धडे बघितले. बंद पडलेला रोबोट मूळ जागी कसा आणायचा, हे तिसऱ्याच धड्यात होतं. मराठीत. अकरा मिनिटं.

मी पास झालो.

परवा मोशीत भाजी घेताना तो भेटला. काम मिळेल त्या दिवशी गोदामात खोकी चढवतो. कंबरेवर हात ठेवून चालत होता. सोबत बायको होती. तिला म्हणाला, "हा तो माझा जोडीदार. सगळी उत्तरं ह्यानंच दिली होती. मीच कमी पडलो."

"भावजी, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्या खोलीवर गेलो. चहा घेतला. त्यांनी आग्रह केला, तेव्हा आणखी अर्धा कप घेतला.